‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ यानंतरचे चौदा महिने

मागच्या आठवड्यात पुण्याच्या डॉक्टरांनी लेकीच्या फाइलवर पुढची तारीख घातली, ती थेट सहा महिन्यांनंतरची. गेले चौदा महिने ही तारीख कधी पंधरा दिवसांची असायची, कधी महिन्याची. या काळात रात्री ती झोपली की मी मोबाइलवर मराठीत काही सापडतंय का ते शोधत बसायची. सापडायचं ते ब्रेन ट्यूमरचं, नाहीतर अपघातात कवटी फुटल्याचं. कबड्डी खेळताना मार लागून मेंदूला हादरा (कन्कशन) बसलेल्या, पण चालत्याबोलत्या, सीटी स्कॅन स्वच्छ असलेल्या पोरीचं डोकं महिनोन्‌महिने का दुखतं, हे काही मिळालं नाही. म्हणून लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. सांगलीजवळच्या गावात पतसंस्थेत नोकरी करते. धाकटा तिला ताई म्हणतो म्हणून घरात सगळेच ताई म्हणतात, इथेही तेच नाव ठेवते.

ताई सहावीपासून कबड्डी खेळायची. जागा डावा कोपरा. चढाईला आलेल्या मुलीचा घोटा धरायचा हे कोपऱ्यावरच्या खेळाडूचं मुख्य काम. त्यासाठी अंग जमिनीलगत झोकून द्यावं लागतं आणि धरणारीचं डोकं नेमकं समोरचीच्या गुडघ्याच्या आणि टाचेच्या रेषेत येतं. डोक्यावर काहीच नसतं. आमच्या भागात या खेळामागे नुसती हौस नसते हेही सांगायला हवं. दहावीचे क्रीडागुण, पुढे सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण, पोलीस भरती. मुलीच्या हातात प्रमाणपत्र असलं की घरात तिच्या शिक्षणाबद्दल कुणी वाद घालत नाही.

१४ ऑक्टोबर २०२३, शनिवार. प्रकाशझोतातले सामने, मॅटवर. उत्तरार्धात ताईने घोटा धरला, चढाईवालीचा गुडघा तिच्या कानामागे बसला आणि मदतीला धावलेली आमचीच मुलगी तिच्या अंगावर पडली. डोकं मॅटवर आपटलं. ती आपणहून उठली. गुण आमचा होता, टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. त्यानंतरच्या दुसऱ्या चढाईला ती डाव्याऐवजी उजव्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. सरांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी तिला बाहेर काढलं. माझ्याशेजारी बसून पाच मिनिटांत तिने तीनदा विचारलं, “आई, आता चढाई आपली का?” मी तीनदा उत्तर दिलं. तिसऱ्यांदा उत्तर देताना माझे हात गार पडले होते.

शुद्ध हरपली नव्हती, उलटी नव्हती. जवळच्या दवाखान्यात सीटी स्कॅन झाला, २,८०० रुपये. पावणेअकराला सांगितलं, “रिपोर्ट नॉर्मल आहे. दोन दिवस आराम, डोकं दुखलं तर पॅरासिटामोल, सोमवारपासून शाळा.” त्या रात्री काय बघायचं हे मात्र तिथल्या नर्सताईंनी नीट सांगितलं आणि ते मी कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलं: पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपेतून जागं न होणं, झटका, हातापायातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणं. यातलं काहीही झालं तर वाट न बघता परत यायचं. तसं काही झालं नाही. आम्ही सुटलो असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी घटस्थापना होती. आरतीला घंटा वाजली आणि ताई कान दाबून आतल्या खोलीत निघून गेली. सोमवारी शाळेत तिसऱ्या तासाला फळ्यावरची अक्षरं हलायला लागली म्हणून शिपाईमामा तिला घरी सोडून गेले. त्या आठवड्यात ती तीनदा शाळेत गेली, तिन्ही वेळा अर्ध्यातून परत आली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, चष्मा बघून घ्या म्हणाले. चष्म्याचा नंबर शून्य. सासूबाईंनी दृष्ट काढली. मी तिचा मोबाइल काढून घेतला, कारण मला वाटलं सगळं त्याच्यामुळे. दहावीचं वर्ष होतं, मी चिडत होते. ती चिडचिड आज मला सगळ्यात जास्त टोचते.

दसरा झाला तरी फरक नाही, तेव्हा ३० ऑक्टोबरला मिरजेला मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेलं. तपासणी फी ७००, तीन तास रांग. सोबत टोपी, गॉगल आणि कापसाचे बोळे घेऊन जा, कारण बाहेरचा टीव्ही आणि ट्यूबलाइट यांतच पोरं निम्मी गळून जातात. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, “याआधी डोक्याला मार लागला होता?”

मी म्हणाले, “एकदाच. जानेवारीत.”

ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, “हा धरून पाच वेळा.”

मे २०२२ च्या उन्हाळी शिबिरात कानशिलावर गुडघा बसला होता आणि तिला उलटी झाली होती. आम्ही ऊन लागलं समजून ग्लुकोज पाजलं, चार दिवसांनी ती परत मैदानावर. जानेवारी २०२३ मध्ये साखळी पकडीत दोघींची डोकी एकमेकींवर आदळली. तेव्हाही सीटी झाला होता, तेव्हाही नॉर्मल होता, आणि पाचव्या दिवशी ती खेळली. मला माहीत असलेला तो हाच. बाकीचे दोन तिने सांगितलेच नव्हते. सरावात डोळ्यांपुढे अंधारी आली, कानात शीऽऽ असा आवाज झाला, मिनिटभराने गेलं. “सांगितलं असतं तर निवड चाचणीला बसवलं नसतं ना,” असं ती डॉक्टरांना म्हणाली. पाचवा हा ऑक्टोबरचा. प्रत्येक सामन्याचा बोनस गुण, लोण, पकडी आमच्या घरात तोंडपाठ होत्या. हे पाच कुठेच लिहिलेले नव्हते.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी जे समजावलं ते मला समजलं तसं सांगते. सीटी स्कॅन रक्तस्राव आणि हाड मोडलेलं बघतो. कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, हा बहुतेक वेळा कामातला बिघाड असतो, फोटोत दिसणारा नसतो. हादऱ्यानंतर पेशींमधलं क्षारांचं संतुलन ढळतं आणि ते सावरायला मेंदूला जास्त ऊर्जा लागते, पण नेमका त्याच काळात रक्तपुरवठा कमी झालेला असतो. बरं होत असताना परत मार बसला की पुढचं बरं होणं लांबतं, आणि मग आधीपेक्षा हलक्या माराने तशीच लक्षणं येऊ लागतात. क्वचित, पण पोरवयातच जास्त, पहिला हादरा भरायच्या आत दुसरा बसला तर मेंदूला एकाएकी सूज येऊन जीवही जातो. जानेवारीतला तो पाचवा दिवस आठवून मला घाम फुटला. लहान वयातली बहुतेक मुलं महिन्याभरात बरी होतात, त्यापुढे लक्षणं राहिली तर वेगळे उपचार लागतात, असं ते म्हणाले.

एमआरआय झाला, ६,५०० रुपये. तोही नॉर्मल. या वेळी ते शब्द ऐकून मला हायसं वाटलं नाही.

पैशांचं इथेच सांगून टाकते. ताईच्या बाबांच्या कंपनीचा मेडिक्लेम आहे, पण २४ तास दवाखान्यात भरती झाल्याशिवाय खर्च मिळत नाही, आणि हा सगळा आजार बाह्यरुग्ण विभागातला. कुणीतरी सुचवलं की एक दिवस भरती दाखवा. आम्ही तसं केलं नाही. शाळेतून विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदानाचीही चौकशी केली. तिथे शस्त्रक्रिया किंवा कायमचं अपंगत्व असं काही लागत होतं, आमचं प्रकरण बसलं नाही. चौदा महिन्यांत प्रवास धरून साधारण ५८,००० रुपये गेले, सगळे खिशातून. पावत्या मात्र सांभाळा, शाळेच्या अर्जांना त्या जोडायला उपयोगी पडतात.

१२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन. त्या चार दिवसांत फटाक्यांमुळे ताईला मागच्या खोलीत, खिडक्यांना गोधड्या लावून ठेवलं होतं. खरं तर मी तिला जवळजवळ महिनाभर अंधारातच ठेवत होते. कुणी सांगितलं होतं की मेंदूला पूर्ण विश्रांती हवी. ८ डिसेंबरला मिरजेच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन पुण्याला क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा कळलं की हे जुनं झालं. आराम फक्त पहिले २४ ते ४८ तास, तोही पूर्ण पडून राहण्याचा नाही. त्यानंतर लक्षणं फार वाढणार नाहीत इतपत चालणं, हलकी हालचाल सुरू करायची. नुसतं अंधारात पडून राहिल्याने बरं होणं उलट लांबतं. २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला जगभरच्या तज्ज्ञांची या विषयावर परिषद झाली, तिच्या शिफारशी त्यांनी संगणकावर उघडून दाखवल्या. आधी शाळा, मग खेळ, हा क्रमही त्यातलाच.

पुण्याचा प्रवास हेच एक दुखणं होतं. एसटीत बाईमाणसाला अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्च झेपला. पण खड्डे आणि वळणं तिला सहन व्हायची नाहीत. पुढून दुसऱ्या ओळीत खिडकीची जागा, मानेला गुंडाळलेली चादर आणि साताऱ्याला उतरून दहा मिनिटं चालणं, एवढ्यावर ती तग धरायची. शक्य असेल तर आदल्या दिवशी जाऊन नातेवाइकांकडे राहा. प्रवासाने दमलेल्या मुलाची तपासणी नीट होत नाही. आमची पहिली तपासणी अशीच वाया गेली.

दुसऱ्या वेळी तिला ट्रेडमिलवर चालवलं. वेग तोच ठेवून दर मिनिटाला चढ वाढवत नेला आणि डोकेदुखी वाढायला लागली तिथे थांबवलं. नाडी १३८ होती. त्याच्या ९० टक्के, म्हणजे १२४ च्या आत राहून रोज वीस मिनिटं चालायचं, दर आठवड्याला बघून मर्यादा वाढवायची. एवढं साधं. मनगटावर बांधायचं १,५०० रुपयांचं घड्याळ घेतलं आणि पहाटे शाळेच्या मैदानाला फेऱ्या सुरू केल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी तिला ‘करू नको’ ऐवजी ‘कर’ म्हटलं होतं. त्या दिवशी परतीच्या गाडीत ती आपणहून बोलली.

डोळ्यांचंही तिथेच सापडलं. नंबर शून्य होता, पण जवळचं बघताना दोन्ही डोळे एकत्र वळत नव्हते, म्हणून वाचताना ओळी एकमेकींत घुसायच्या. पेन्सिलचं टोक हातभर अंतरावरून नाकाकडे आणायचं आणि ते दोन दिसू लागलं की थांबायचं. अंगठ्यावर नजर ठेवून मान डावी-उजवीकडे हलवायची. तोल सांभाळायचे व्यायाम वेगळे. हे शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट आमच्या भागात मिळाल्या नाहीत. पुण्यात चार वेळा समोरासमोर, ८०० रुपये प्रत्येकी, आणि पुढचे सत्र व्हिडिओ कॉलवर ५०० मध्ये. फोनवर घ्याल का, असं विचारायला संकोच करू नका. मी दोन महिने संकोचले आणि तेवढे हेलपाटे मारले.

शाळेचं काम मी समजत होते त्यापेक्षा सोपं झालं, कारण अर्ज नेमका लिहिला. ‘आजारी आहे, सवलत मिळावी’ असं लिहिलं की कुणालाच काही कळत नाही. डॉक्टरांकडून पत्रावर मुद्दे घालून घेतले: अर्धा दिवस शाळा, दर तीस मिनिटांनी दहा मिनिटं विश्रांती, फळ्यावरचं उतरवण्याऐवजी छापील टिपणं, कवायतीतून आणि संगीताच्या तासातून सूट. मुख्याध्यापकांनी सही करून प्रत्येक विषयशिक्षकाला प्रत दिली. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसाठी अपंगत्वाचे ठरलेले प्रकार आहेत. ताईचं दुखणं त्यात येत नव्हतं, तिथे आम्ही फार डोकं आपटलं नाही. १ मार्च २०२४ ला परीक्षा सुरू झाली. त्या वर्षी सगळ्यांनाच शेवटी दहा मिनिटं वाढवून होती. केंद्रसंचालकांनी तिला लुकलुकणाऱ्या ट्यूबपासून लांब, दाराजवळचा बाक दिला. गणिताच्या दोन्ही पेपरांनंतर ती संध्याकाळपर्यंत झोपून होती. २७ मेला निकाल लागला, ७१ टक्के. नववीच्या पहिल्या सत्रात ८८ होते. क्रीडागुणांचा प्रस्ताव शाळेने जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत आधीच पाठवला होता, ते गुण यात धरलेले आहेत.

या सगळ्यात सरांशी बोलणं मी टाळत होते. जानेवारीत ते स्वतःच घरी आले. “वहिनी, रिपोर्ट नॉर्मल आहेत ना? मग पोरीला घरी बसवून तिचं मन मारताय.” कबड्डी मंडळात कुणी कुणी ‘अभ्यासासाठी नाटक’ असंही म्हणत होतं. ताईच्या बाबांनी त्यांना २०१९ च्या लॉर्ड्सच्या कसोटीची आठवण करून दिली. जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. तो उठला, तपासणी करून परत खेळायला आला, ९२ वर बाद झाला. लक्षणं दुसऱ्या दिवशी दिसली, तेव्हा त्याला बाहेर बसवलं आणि मार्नस लाबुशेन त्याच्या जागी खेळला, कसोटीतला पहिला कन्कशन बदली खेळाडू. पुढचा सामनाही स्मिथ खेळला नाही. “सर, एवढे डॉक्टर दिमतीला असून त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. आपण तर पाचव्या दिवशी तिला उतरवलं.” सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चहा घेतला आणि जाताना ताईच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, तो मध्येच मागे घेऊन पाठीवर ठेवला.

सगळ्यात वाईट दिवस परीक्षेनंतर आले. तोवर एक ध्येय होतं. एप्रिलमध्ये ती ताटावरून उठून जायची, धाकट्यावर हात उगारायची, मग तासभर रडायची. एके रात्री विचारलं, “आई, शब्द तोंडाशी येतो आणि जातो. माझं असंच राहणार का?” हीसुद्धा हादऱ्यानंतरची लक्षणं असतात हे मला तोंडओळखीपुरतं माहीत होतं, तरी मी ते स्वभावावर घालत होते. समुपदेशनाच्या सहा बैठका झाल्या. त्या आधीच करायला हव्या होत्या.

त्याच दिवसांत मी सीटीईबद्दल वाचलं. डोक्याला वारंवार मार बसलेल्यांच्या मेंदूत हळूहळू वाढणारा हा आजार, त्याचं खात्रीचं निदान मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं. बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये तिशीच्या आत वारलेल्या १५२ खेळाडूंचे दान केलेले मेंदू तपासले होते आणि ६३ मध्ये तो सापडला होता. रात्री दीडला हा आकडा वाचून मी ताईच्या खोलीत जाऊन तिचा श्वास बघून आले. जूनच्या भेटीत डॉक्टरांना एकटीने गाठून विचारलं. ते म्हणाले, ज्यांच्या घरच्यांना आधीच शंका होती त्यांचेच मेंदू तिथे जास्त करून येतात, म्हणून हा आकडा सगळ्या खेळाडूंना लावता येत नाही. शिवाय धोका नुसत्या कन्कशनच्या मोजणीशी बांधलेला नाही. वर्षानुवर्षं बसलेले सगळे मार, लक्षणं न दिसलेलेही, त्यात धरावे लागतात. “पुढचे मार आपल्या हातात आहेत,” एवढंच ते म्हणाले. मला त्याने धीर आला नाही, पण काय ठरवायचं ते कळलं.

जूनमध्ये खेळात परतण्याच्या सहा पायऱ्या सुरू झाल्या. चालण्यासारखी रोजची कामं, मग हलका व्यायाम, मग धावणं, मग अंगाला अंग न लागता खेळाचा सराव. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस, लक्षणं वाढली तर एक पायरी मागे. पाचवी पायरी अंगाला अंग लागणाऱ्या सरावाची, ती डॉक्टरांच्या लेखी परवानगीनंतरच. ताई चौथ्या पायरीवरून तीनदा मागे आली. जुलैत मानसशास्त्रीय चाचण्या झाल्या, साडेतीन तास, ४,५०० रुपये. समज, शब्दसंपत्ती चांगली. माहिती पकडून उत्तर द्यायचा वेग तिच्याच बाकीच्या गुणांच्या मानाने बराच कमी. “हा आधीपासून असा होता की नंतर झाला?” असं त्यांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, हंगामाआधीची चाचणी कधी झालीच नव्हती. तुमचं मूल अंगाला भिडणारा कुठलाही खेळ खेळत असेल आणि असं काही करून घेण्याची सोय असेल, तर हंगाम सुरू होण्याआधी करून ठेवा. निदान एक वही घाला. तारीख, कुठे लागलं, काय झालं, कधी परत खेळला.

२३ ऑगस्ट २०२४ ला डॉक्टरांनी पाचव्या पायरीची परवानगी नाकारली. कारणं ताईशी बोलले, माझ्याशी नाही, आणि ते मला आवडलं. पाच हादरे, शेवटच्या मारानंतर गेलेले दहा महिने, अजून टिकून असलेली लक्षणं. धावणं, पोहणं, जे भिडणारं नाही ते सगळं चालेल. बाहेर आल्यावर तिने उसाचा रस मागितला आणि अर्धा ग्लास झाल्यावर म्हणाली, “निवड चाचणीच्या आदल्या दिवशी मी गप्प बसले नसते तर?” मी म्हटलं, “मी विचारलं असतं तर?” दोघींनी रस संपवला. अकरावीला तिने कला शाखा घेतली. विज्ञानाच्या शिकवण्यांचे तास तिला झेपणारे नाहीत हे तिनेच सांगितलं. ७ सप्टेंबरला गणपती बसले, ते दहा दिवस ती मामाच्या मळ्यात राहिली, डीजेच्या आवाजापासून लांब.

आजची स्थिती अशी: सलग चाळीस मिनिटं वाचते, मग थांबावं लागतं. महिन्यातून चार-पाच दिवस डोकं दुखतं. लग्नाच्या कार्यालयात तासभराच्या वर बसवत नाही. नावं विसरते आणि आता न लाजता परत विचारते. पोलीस भरतीचं सध्या कुणी काढत नाही.

मागच्या रविवारी मंडळाचे मुलींचे सामने होते. सरांनी तिला गुणलेखकाच्या टेबलावर बोलावलं होतं. मी भिंतीपाशी उभी राहून बघत होते, शिट्ट्या आणि ओरडा चालूच होता. पंधरा मिनिटांचा पूर्वार्ध तिने पुरा लिहिला. मध्यंतराची पाच मिनिटं ती कानात बोळे घालून, डोळे मिटून, टेबलावर डोकं टेकून बसली. मी पाणी घेऊन पुढे निघाले तेवढ्यात पंचांची शिट्टी झाली आणि तिने पेन उचललं.